दुपारचे फिके नंबर

"तुम्ही फक्त लिहून द्या, ऑपरेटरची चूक म्हणून. रंजनाले उद्यापासून कामावरून बंद करतो," प्रॉडक्शन मॅनेजर बोंद्रे साहेब म्हणाले.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात मी लेसर मशीनच्या सर्व्हिसला गेलो होतो. मशीन बेअरिंगच्या रिंगांवर नंबर कोरायची. सकाळी नंबर ठळक, जेवणाच्या सुट्टीनंतर फिके. सुट्टीत मशीनच्या खोलीत ऑपरेटर रंजना एकटीच डबा खायची. माझाही संशय तिच्यावरच. सेटिंगशी खेळत असणार, दुसरं काय?

मी गुपचूप पासवर्ड बदलला. तरी दुपारी नंबर फिकेच. मला वाटलं, बाई पोहोचलेली आहे, पासवर्डही काढला हिनं.

"सर, माह्यावर काहून शक घेता?" ती म्हणाली. "तुम्ही मागच्या महिन्यात मशीन खोलली, तवापासून हे होऊन राहिलं."

राग आला मला. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि ही मला शिकवणार.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिला बाहेर बसवलं आणि मशीन मीच चालवली. सव्वा वाजता माझ्या डोळ्यांदेखत नंबर फिके पडले.

या लेसरमध्ये एक छोटा स्फटिक असतो. त्यात कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतात. आवाज चालू असला की प्रकाश वाकून बाजूला जातो आणि आत ताकद साठते. आवाज तोडला की ती एकदम बाहेर पडते, तेव्हा स्टीलवर नंबर उमटतो. पण स्फटिकाचा कोन अचूक लागतो. केसभर हलला तरी प्रकाश पुरता वाकत नाही, गळत राहतो, आणि ताकद साठतच नाही.

मशीन बंद करून झाकण काढलं. स्फटिकाच्या बैठकीचा एक स्क्रू नुसत्या बोटानं फिरला. सकाळी बैठक थंड असायची, जागेवर असायची. चारेक तास तापली की सरकायची. मागच्या महिन्यात ते चारही स्क्रू मीच कसले होते. तीनच, म्हणा.

स्क्रू कसून गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं असतं?

बोंद्रे साहेब दारात आले. "सापडलं का? लिहून देता ना?"

"देतो," म्हटलं, आणि सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं: चूक सर्व्हिस इंजिनिअरची.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तुमचीच?"

"माझीच."

रंजनाची नोकरी राहिली. दुसऱ्यावर संशय घेण्याआधी आपला पाना तपासावा, एवढं मी शिकलो. तिचं तेवढ्यावर समाधान नाही. आजही मी मशीन उघडली की ती काम सोडून शेजारी उभी राहते आणि प्रत्येक स्क्रूपाशी म्हणते, "हलवून दाखवा, सर."

मी दाखवतो.