सावडीचा बैल

माझ्याकडं एक बैल होता आणि माझ्या दोस्ताकडं एक. दोन्ही मिळून जोडी व्हायची. आमच्या तेरणेकाठच्या गावात याला सावड म्हणत. एका वर्षी आधी त्याचं रान पेरायचं, दुसऱ्या वर्षी आधी माझं. बैलांच्या कितीतरी आधी आमची दोघांची जोडी जमली होती. तो तिफण हाकायचा, मी चाड्यावर मूठ धरून बी सोडत मागं चालायचो. रानात त्याच्या हातची तासं ओळीनं इतकी सरळ पडत की लोक बांधावर थांबून बघत, आणि मीच उगीच छाती काढून चालायचो.

मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या राज्यातली, ती शेवटची वर्षं. ज्वारीच्या पेरणीत त्यानं तास अर्ध्यावर असतानाच बैल थांबवले आणि आपला सोडून घेतला.

"काय झालं रं?" मी विचारलं.

"तुझा बैल माझ्या बैलाला माझ्याबद्दल सांगतोय. सकाळपासनं ऐकतोय म्या."

मी हसलो. तो हसला नाही. घरी गेला तो भिंतीकडं तोंड करून पडला. जेवण नाही, झोप नाही. मध्येच एखादा दिवस बरा जायचा, मग पुन्हा तेच. घरात तो आणि त्याची विधवा आई. तिनं त्याला दर्ग्यावर नेलं, ताईत बांधला, हकिमाचा काढा पाजला. गावानं मात्र एका शब्दात निकाल लावला: येडा. ज्यांना स्वतःचं औत धड धरता येत नव्हतं, तेही पारावर मला सल्ला द्यायला हजर. दुसऱ्याशी सावड कर म्हणे. त्या शहाण्यांचा मला अजून राग येतो. पण रानातली ओल उडून चालली होती आणि ती उडाली असती तर दोन्ही घरांत वर्षभर चूल पेटण्याचे वांधे होते, हेही खरंच होतं.

बैल बोलत नाहीत हे पटवण्यात मी एक अख्खी सकाळ घालवली. माझेच कान गेलेत अशा नजरेनं तो माझ्याकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ओट्यावर नुसता बसून राहिलो. उन्हं चढल्यावर म्हणालो, "बाजू बदलून जुंपू. माझा डावीकडं, तुझा उजवीकडं. बघू ऐकू येतंय का."

तो उठून ओट्यावर आला. "व्हय," म्हणाला, "तसं चालंल."

बैलाला एका बाजूची सवय लागलेली असते. बाजू बदलल्यावर दोघं एकमेकांना धडकायला लागले, भलतीकडंच ओढायला लागले. तासं वाकडीतिकडी पडली आणि पारावरच्या मंडळींची फुकटात करमणूक झाली. पण दोन्ही रानांत पेरा झाला, आणि तिफणीवर तो चक्क गुणगुणत होता. पुढच्या वर्षीही आम्ही तसंच पेरलं. मला वाटलं, जमलं.

मग लुटालुटीचे, जाळपोळीचे, गडबडीचे दिवस आले. लोक निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं जायला लागले. सगळंच गाव भ्यालेलं होतं, त्यामुळं त्याचं भिणं कुणाला वेगळं वाटेना. एका दुपारी तो बैल घेऊन आला आणि माझ्या गोठ्यात, माझ्या बैलाच्या अगदी शेजारी त्यानं तो बांधला.

"बोलू दे त्यांना," तो म्हणाला. "म्या न्हाय ऐकत आता. तू ऐक."

मला वाटलं, गडी बरा झाला. मी आनंदानं त्याची पाठ थोपटली. तो निघाला, तो घरी गेलाच नाही. बार्शीच्या रस्त्यानं जाणाऱ्या लोकांत कुणीतरी त्याला पाहिलं होतं. मी बार्शी पालथी घातली. पुढं सगळं निवळलं, गेलेली माणसं परत आली. तो आला नाही.

त्याचं रान मी पेरत राहिलो. तिफणीवर मी, चाड्यावर त्याची आई. बैल बदललेल्या बाजूंनीच जुंपायचो. हळूहळू त्यांना सवय झाली आणि तासं पुन्हा सरळ पडू लागली. मला त्याचं काही कौतुक वाटेना. तासं वाकडी चालली असती, मला तिफणीवर तो हवा होता.

बांधाशी वळताना बैल दम खायला थांबायचे. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी जायचं. बैल बोलत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी उभा राहून ऐकायचो. मागं त्याची आईही मूठ मिटून उभी राहायची. "चल" असं ती एकदाही म्हणाली नाही.