जंत पाळणाऱ्यांचं ऑफिस

रिटायर झालेली माणसं भेटली की कुणी बदल्यांच्या गोष्टी काढतो, कुणी पेन्शनच्या. आमच्यात किड्यांच्या निघतात. एक सांगावी तर तिच्या मागं दुसरी वळवळत येते. काय करणार? साठच्या दशकात सांगलीला, कुपवाडच्या वाटेवर, दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं आणि तिथं आम्ही सरकारी पगारावर जंत पाळत होतो!

घाबरू नका. पोटातले नव्हेत. हे मातीतले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. हुमणीची अळी गवताची मुळं कुरतडते आणि हे जंत तिच्या अंगात शिरून तिचा निकाल लावतात; अळी तांबूस पडून मरते. माणसाला, जनावराला काही करत नाहीत. पण 'जंत' म्हटल्यावर पुढचं ऐकतो कोण?

* * *

मुलगी बघायला साताऱ्याला गेलो होतो. मुलीच्या वडलांनी विचारलं, "काम काय असतं?"

मी खरं ते सांगितलं. "जंत वाढवायचं."

आतून मुलीच्या आईचा आवाज आला, "आगं बाई! आन् औषध घेत न्हाईत व्हय?"

त्याच आतल्या खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यावर आमचं लग्न ठरलं.

* * *

हे जंत अळीच्या अंगातच वाढतात, म्हणून आम्हाला मेणकिड्याच्या अळ्या लागत. हा किडा मधमाश्यांच्या पोळ्यात पडतो. म्हणून आमचे प्रमुख गोडबोले साहेब, शेतावरचं काम बघणारे दादू कांबळे आणि मी महाबळेश्वरच्या बाजूला मधपेट्या ठेवणाऱ्यांकडं गेलो. साहेबांनी अगदी नम्रपणे विचारलं, "आपल्या पेट्यांत कीड आहे का?"

तपासणीवाले आले असंच सगळ्यांना वाटलं. "छ्या! आमच्यात कीड? नावाला न्हाई!"

तीन वाड्या झाल्या. कीड कुठंच नाही. चौथ्या वाडीत कांबळे पुढं झाले. "आमाला कीड पायजे. पन खालच्या वाडीवाले म्हनत्यात, आमच्याएवढी कीड आख्ख्या डोंगरात कुनाकडं न्हाई."

"त्यांच्याकडं?" मधपेटीवाला उसळलाच. "आवं, ही पेटी बगा! नुस्ती बुजबुजलीया!"

* * *

जंतांची बाटली घेऊन साहेब एस.टी.त बसले होते. तेव्हा दारूबंदी होती. कंडक्टरला संशय आला. "बाटलीत काय हाय?"

"जिवंत जंत आहेत. दोन-तीन लाख असतील."

कंडक्टरनं बाटली खिडकीतल्या उजेडाला धरली, फिरवून फिरवून बघितली, जपून परत साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गाडी फुल्ल हाय रं! आता स्टँडशिवाय थांबू नगंस!"

* * *

साहेबांचा ध्यास एकच. हे जंत दुकानात विकले गेले पाहिजेत. इस्लामपूरचा एक खतवाला तयार झाला. त्यानं हौसेनं बाटल्या दर्शनी फळीवर मांडल्या, थेट उन्हात! आठ दिवसांत सगळे जंत मेले. साहेब रडायचेच बाकी होते. "अहो, जिवंत आहेत ते! सावली लागते त्यांना, गारवा लागतो!"

पुढच्या खेपेला फळीवर एकही बाटली नाही. साहेब खूश. "संपल्या?"

"कशाच्या संपत्यात? घरात माठाशेजारी ठेवल्यात. गिऱ्हाईक येतंय, पन आमची मंडळी बाटली बाहीर काढू देत न्हाईत. ऊन लागंल म्हनत्यात!"

* * *

एकदा एक रिटायर सुभेदार ऑफिसात आले. साहेबांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून जंत दाखवले. सुभेदारांनी बराच वेळ बघितलं. "अळीच्या आत शिरत्यात म्हनता. मग माघारी कवा येत्यात?"

"गेलेले येत नाहीत. तिथंच मरतात. बाहेर येतात ती त्यांची पिल्लं."

सुभेदार ताठ झाले आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला कडक सॅल्यूट ठोकला.

* * *

आता म्हसवडकडची.

तिथं बिरूबा नावाचे मेंढपाळ होते. त्यांचं ओढ्याकाठचं कुरण हुमणीनं असं पोखरलं होतं की गवताला हात घातला की घोंगडं उचलावं तसं वर यायचं. असंच राहिलं तर बिरूबांना मेंढरं घेऊन मुलूख सोडावा लागणार होता. आमचीही गत तीच. पावसाळा सरताना पुण्याचे वरिष्ठ येणार, कुरण बघणार आणि फरक दिसला नाही तर ऑफिसला कुलूप!

साहेबांनी कुरणाच्या मधोमध सुतळी बांधली. ओल बघून एका बाजूला जंत सोडले. दुसरी बाजू तशीच ठेवली. "इकडं काही करायचं नाही, बिरूबा. दोन्हींची तुलना करायची आहे." बिरूबांनी मान डोलावली.

वरिष्ठ आले. आम्ही कुरणावर पोचलो आणि साहेबांचा चेहराच उतरला. सुतळीच्या दोन्ही बाजूंना सारखंच हिरवंगार!

"फरक कुठाय?" वरिष्ठांनी विचारलं.

कांबळे हळूच म्हणाले, "बिरूबा, त्या अंगाला काय केलंसा?"

"काय न्हाई वो. ह्या अंगाच्या हुमण्या तांबूस पडून मराय लागल्या. त्या मातीसकट उचलल्या आन् तिकडं नेऊन पुरल्या. निम्म्या मेंढरांस्नी उपाशी ठेवायचं व्हय?"

वरिष्ठ थबकले. "म्हणजे बाटली नाही, काही नाही, नुसत्या मेलेल्या अळ्यांनी एवढं पसरलं?" ते चक्क गुडघ्यावर बसले आणि माती उकरायला लागले. इथं उकर, तिथं उकर. सगळीकडं तांबूस अळ्या! उठले तेव्हा पँट चिखलानं भरली होती आणि चेहरा खुलला होता.

"गोडबोले, ऑफिस चालू राहील."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

मग वरिष्ठ बिरूबांकडं वळले. "पण पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा करायचा. अर्ध्या कुरणाला अजिबात हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल की!" बिरूबा म्हणाले. "फकस्त कुठलं निम्मं, ते मेंढरांस्नी तेवढं सांगून जावा."