कमरेची सुपारी

उपासाने डोकं हलकं झालंय. उद्याच्या होमाच्या समिधा उशाशी आहेत. त्यांचा कोरडा वास घेत मी पडलोय. डोळे मिटतायत, तरी ओसरीवरून बापूकाका ऐकू येतात. "बायको नाही ना, मग कमरेला सुपारी खोच आणि बस होमाला. वहिनी गेल्यावर तुझा बाप तसाच बसायचा."

पाठीखालची फरशी गार होते. ही कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली फरशी आहे.

अण्णा, माझे वडील, स्टुलावर सोवळं नेसून बसलेत. ते चैत्रात गेले. समोर बर्नरवर ताम्हन आहे आणि ताम्हनात कुलदेवीचा चांदीचा टाक.

"अण्णा, टाक तापेल."

"तापू दे. गारठलीय ती."

"आता घरचा होम माझ्याकडे आलाय."

"मग बस की."

"जोडीनं बसायचं असतं."

"आणि जोडी नाही?"

"आहे. निनाद."

"तो तुझ्या खोलीवर राहतो तो?"

"तोच."

अण्णा बर्नर बारीक करतात. "हे मी असताना सांगायचं होतंस."

"तुम्ही बोलणं टाकलं असतं."

"टाकलंच असतं."

मी त्यांचे पाय धरतो. पाय ओले आहेत. आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर आहोत, आणि समोरच्या एकाही गाडीवर गावाचं नाव नाही.

"मला देवी सोडवत नाही, अण्णा. निनादही सोडवत नाही. लहानपणापासून मी तिच्याशी बोलतो. आता टाकासमोर उभं राहिलं की तोंडच उघडत नाही. तिला मी चालतो का, एवढंच विचारून सांगा. तुम्ही तिकडेच आहात ना."

"ओज्या, इकडेही रांग आहे. मला अजून तिची पाठच दिसते."

"मग मी कुणाला विचारू?"

ते कमरेची सुपारी काढून तळहातावर ठेवतात. "तुझी आई नव्हती, म्हणून ही. निनाद कुठाय?"

"आत, ओट्याशी. नारळ सोलतोय. सगळ्यांना मित्र म्हणून सांगितलंय."

"म्हणजे आहे."

"आहे."

"मग असलेल्या माणसाची सुपारी कशी खोचतोस?"

त्यांच्या हातात अडकित्ता आहे. सुपारी कट्कन फुटते. अर्धी ते माझ्या तोंडात घालतात. "चाव."

"उपास आहे."

"सुपारी चालते उपासाला. एमएस्सी झालास, एवढं माहीत नाही?"

मी चावतो. दगड आहे नुसता. "पण तिला चालेल का, अण्णा?"

ते उरलेली अर्धी स्वतःच्या तोंडात टाकतात. गाडी मागे येते आणि बाक रिकामा होतो.

मी उठून बसतो. जीभ टाळ्याला चिकटलीय, तुरट. टॅनिनमुळे लाळेतली प्रथिनं साकळतात, हे मला माहीत आहे. पण मी सुपारी कधीच खात नाही. दाढेत काहीतरी टोचतंय. नखाने काढतो. तपकिरी, कठीण, एका बाजूने सरळ कापलेली कपची. उजेडात धरून उलटसुलट बघतो. ती काही नाहीशी होत नाही.

मी ओसरीवर येतो. बापूकाका मान वर करतात.

"काका, सुपारी नको. उद्या माझ्या उजव्या हाताला निनाद बसेल."

शब्द जिभेवरच अडखळतात. काकांना ऐकू गेलेलं नाही. ते कानाला हात लावून पुढे वाकतात.

मी पुन्हा म्हणतो.