पुजलेल्या चेंडूवर पाय

स्कूटर चालताना पडत नाही, थांबताना पडते. हे मला पडायच्या आधीही ठाऊक होतं. पण पुण्यात निम्मं आयुष्य दुचाकीवर काढलेल्या बाईला आपण पडू असं कधी वाटत नसतं. आमची कंपनी बुधवार पेठेत, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती, तेव्हापासून मी तिथे हिशेब बघते. पुढे कंपनी वाढली, काचेच्या इमारतीत बाणेरला गेली. आम्ही पेठेतून धायरीला राहायला आलो. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, कॉफीचं मशीन आलं. मी मात्र स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून स्कूटरवरूनच जात राहिले. कंपनीची बस होती, पण बस तिच्या वेळेला निघते आणि मी माझ्या.

धायरी फाट्यावर रस्ता खणून ठेवला होता. पुढचा टेम्पो अचानक थांबला, मी ब्रेक दाबला आणि डावा पाय टेकवला तो नेमका खडीवर. पाय सरकला, घोटा वळला आणि स्कूटर माझ्या अंगावर आली. लोकांनी उचललं, पाणी दिलं. एका आजोबांनी "या वयात कशाला चालवता?" हेही लगेच विचारून घेतलं. आपल्याकडे मदत आणि शेरा एकत्रच मिळतो.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात नवऱ्याने विषय काढला. हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कोणतीही गोष्ट बोलण्याआधी यांनी मनात तिची फाइल तयार केलेली असते. "खालच्या मजल्यावरच्यांची मुलगी कॉलेजला जायला लागलीय," हे म्हणाले. "त्यांना स्कूटर हवीय. आपली उभीच आहे. दिवाळी झाली की देऊन टाकू."

"आणि मी कशाने जाऊ?"

"कॅब आहेत, रिक्षा आहेत."

रिक्षाचं नाव काढल्यावर मी हसले. पुण्यात रिक्षा तुम्हाला जायचं असेल तिथे जात नाही. तिला जायचं असेल तिथे तुम्ही जाऊ शकता. पण मला हसू आलं तसा रागही आला, आणि रागाच्या खाली भीती होती. स्कूटर गेली की मी विचारून बाहेर पडणारी बाई होणार होते. मुलगा सोडेल का, कॅब मिळेल का, कोणाला वेळ आहे का, हे विचारत बसणारी. मला ते अजिबात नको होतं. दिवाळीपर्यंत मी स्कूटरवर बसून दाखवणार, असं मी सांगून टाकलं. यावर हे फक्त "बघू" म्हणाले.

व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने मला जमिनीवर उभं केलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही उभ्या दोन पायांवर आहात, पण भरवसा एकाच पायावर टाकताय. आणि कोअर, म्हणजे पोटाकमरेचे स्नायू, फारच वीक आहे." आमच्या वेळी नुसती कंबर दुखायची, आता कोअर वीक होतो. पण मुलीचं म्हणणं खरं होतं. घरी तोल सुधारायला तिने अर्धा चेंडू घ्यायला सांगितला. मुलगा आयटीत, त्याने जेवता जेवता मोबाइलवरून तो मागवलाही.

खोकं आलं. आतून निघाला एक निळा, रबरी, फुगवायचा अर्धगोल, खालून सपाट. नवऱ्याने त्याला पहिल्या दिवशीच निळी इडली म्हटलं. सासूबाई भिंगाचा चष्मा लावून जवळ आल्या, बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "आम्हाला तोल सांभाळायला कळशी पुरायची."

त्यावर उभं राहणं बघायला सोपं आहे. गुडघे जरा सैल, पोट आत, नजर समोर. पण पाय ठेवला की आपल्या पोटरीत किती लहान लहान स्नायू राहतात आणि त्यांचं एकमेकांशी किती पटत नाही, ते कळतं. मी रोज सकाळी खिडकीशी तो ठेवायचे आणि ग्रिल धरून वर उभी राहायचे. मग खाली उतरून, गुडघे त्यावर टेकवून एक हात आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय ताठ करायचे. पोट थरथरायचं. मला ते आवडायला लागलं होतं. मात्र ग्रिल मी एकदाही सोडलं नाही, आणि याची मला पूर्ण कल्पना होती. पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरवर बसून पाहिलं. स्टँड काढला की डावा पाय लटपटायचा. मी स्टँड लावून परत वर यायचे.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळी, अडकित्ता, यांचे स्क्रू ड्रायव्हर, मुलाचा लॅपटॉप, माझा जुना कॅल्क्युलेटर, सगळं पाटावर मांडून पुजतात. ज्याच्यावर आपलं चालतं त्याला नमस्कार करायचा. मला वाटलं, यंदा माझं शस्त्र हेच. मी अर्धगोल नीट पुसला, पाटाशेजारी ठेवला, माथ्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, झेंडूचं फूल ठेवलं. सासूबाई खूश झाल्या. सुनेला इतक्या मनापासून पूजा करताना त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दसरा झाल्यावर सकाळी मी चेंडू खिडकीशी ओढला आणि पाय उचलला.

"अगं, काय करतेस!" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. "पुजलेल्या वस्तूवर पाय देतेस?"

मी थबकले. खरं म्हणजे यात काही चुकीचं आहे हे त्यांनी म्हणेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि म्हटल्यावर ते डोक्यातून जाईना. वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आम्ही. तरी मी वाद घातला. "आई, शिलाई मशीनची पूजा करतो आणि मग पायानेच चालवतो ना?"

"पायडलला कुंकू लावत नाही कोणी. तू याच्या डोक्यावर लावलंयस."

"पुसून टाकते."

"कुंकू पुसलं म्हणजे पूजा पुसली का?"

हे पेपर वाचत होते. पेपरामागून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, माझा व्यायाम आता पुढच्या खंडेनवमीपर्यंत देव्हाऱ्याखाली जाणार. पण सासूबाईंनाही मी चालती-फिरती हवी होते. त्यांनी चेंडूभोवती एक चक्कर मारली, विचार केला आणि निकाल दिला. "उलटा घाल. पूजा वरच्या बाजूची झालीय, ती भुईला टेकू दे. भुईला टेकलेलं चालतं. खालच्या सपाट बाजूवर खुशाल उभी राहा."

आता पंचाईत अशी की उलटा घातल्यावर तो चेंडू राहत नाही, होडी होते. सपाट फळी वर, गोल बुड खाली, आणि सगळं चारही बाजूंना कलतं. खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की या बाजूवर आधाराशिवाय उभं राहू नये. शिकवणाऱ्या मुलीनेही बजावलं होतं की समोर धरायला माणूस असल्याशिवाय नाही. खिडकीच्या ग्रिलपाशी तो एवढा घरंगळायचा की भिंतीला आपटायचा. म्हणजे हॉलच्या मध्ये आणि माणूस धरूनच. आणि घरात मोकळा माणूस एकच होता.

"अहो," मी म्हटलं, "जरा हात द्या."

यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि समोर उभे राहिले. मी यांची मनगटं पकडून वर चढले. फळी डावीकडे गेली, मी ओरडले, उजवीकडे गेली, हे ओरडले. सासूबाईंनी आमटीखालचा गॅस बंद केला आणि बघायला आल्या.

रोज सकाळी मग हाच कार्यक्रम. आणि तिसऱ्या-चौथ्या सकाळी माझ्या लक्षात आलं की ही फळी कलते ती अगदी थांबलेल्या स्कूटरसारखी. डावीकडे कलली की डावा पाय घाईघाईने सगळं सावरायला जातो, आणि तिथेच तो फसतो. पोट आत घेऊन कंबर जागेवर ठेवली तर पाय आपोआप शहाणा होतो. इतकी वर्षं मी तोल पायात शोधत होते, आणि तो कमरेत होता. ग्रिल धरून मी हे कधीच शिकले नसते. ग्रिल हलत नाही. नवरा हलतो.

यांनाही गोडी लागली. "खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. गुडघा ढिला सोड." बँकेत नव्या कारकुनाला शिकवत असतील तसा आवाज. मनगटांवरून माझे हात यांच्या तळव्यांवर आले, मग बोटांवर. एका सकाळी मी फक्त यांच्या बोटांची टोकं धरून उभी होते आणि हे एकदम म्हणाले, "तू पडलीस तेव्हा कुणीतरी फोन केला, 'तुमच्या मिसेस पडल्यात' एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. तिथे पोचेपर्यंत मला काय काय वाटलं, ते तुला माहीत नाही."

फळी स्थिर होती. मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला माझी गाडी खुपते."

"गाडी कशाला खुपेल?"

इतकंच. पण मला फार बरं वाटलं. मी ज्याच्याशी भांडत होते तो हट्ट नव्हता, काळजी होती. काळजीशीही भांडावंच लागतं, पण जरा वेगळ्या आवाजात.

दिवाळी झाली. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात विचारलं. "शनिवारी सांगतो," हे म्हणाले. शनिवारी सकाळी मी किल्ली घेतली आणि म्हटलं, "चला, मागे बसा. मंडईत जाऊ. आधी मागे बसून बघा, मग काय विकायची ती विका."

"मी?"

"मग काय, आईंना नेऊ?"

पुणेकराने मुकाट्याने हेल्मेट घातलं, यावरून यांची मनःस्थिती ओळखावी. सिंहगड रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला मी थांबले की हे मागून दोन्ही पाय रस्त्यावर टेकवायचे. शेजारची कॉलेजची पोरं बघायची. मी पोट आत घेऊन चालवत राहिले. मंडईत मटार घेतले, पावटा घेतला, कोथिंबिरीची जुडी घेतली. मी शेंग फोडून पाहिली तर भाजीवाली म्हणाली, "सगळेच सोलून देऊ का?" भरलेली पिशवी पायांशी ठेवून आम्ही परत निघालो.

फाट्यावरचा खणलेला रस्ता तोवर बुजवला होता आणि त्याच्या जरा पुढे नवा खणला होता. पुढच्या बसने करकचून ब्रेक मारला. मी थांबले. डावा पाय खाली गेला आणि पायाखाली खडी लागली. दोन माणसं आणि भाजी, एवढं सगळं वजन डावीकडे कललं. पाऊल जरासं सरकलंही. पण कंबर जागेवर राहिली आणि गाडी थांबली. नुसती उभी राहिली. मला हसू येत होतं. मग मी वळून खाली पाहिलं. यांचे दोन्ही पाय मागच्या फूटरेस्टवर होते.

"बघतेस काय? बस सुटली," हे म्हणाले.

घरी पोचलो तर पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरचे गाडी धूत उभे होते. मी हेल्मेट काढायच्या आत त्यांनी विचारलं, "मग काय ठरलं?"

"नाही जमायचं हो," हे भाजीची पिशवी उचलत म्हणाले. "उद्या सकाळी मला बँकेत काम आहे. ही सोडणार आहे मला."

उद्या रविवार होता. बँकेत सगळी हयात घालवलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. मी म्हटलं, "किती वाजता निघायचं?"