भाकरीवर लाटणं

सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा आमच्या थोरल्या साडूंइतका राग करणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि खरं सांगतो, त्यांच्या संगतीनं तो राग मलाही चढला आहे. एकदा जमलेली गोष्ट तिथंच सोडून द्यायला या लोकांचं काय जातं? साडू मूळचे पिशोरचे. शहागंजात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. कुठलाही दुसरा भाग लागला की पहिल्याच दिवशी जाणार, मध्यंतरात तणतणत बाहेर येणार आणि दुकानात शिरलेल्या पहिल्या गिऱ्हाइकापुढं तो सिनेमा सोलून काढणार. एकदा पहिल्या भागात मेलेल्या नायकाचा जुळा भाऊ दुसऱ्या भागात उगवला. "आरं, ह्यो मागच्या टायमाला कुठं व्हता? त्याच्या आईला तरी इचारायचं!" असं त्यांनी गिऱ्हाइकालाच सुनावलं. तो बिचारा बियाणं न घेताच गेला.

त्यांच्या या सिनेमावेडाचं मूळ पिशोरात आहे. साडूंच्या तरुणपणी तिथं एका सिनेमाचं शूटिंग झालं. नायिकेला भाकरी थापायची होती आणि दरवेळी तिची भाकरी फाटत होती. गर्दीत साडूंची बायको उभी होती. माझ्या बायकोची ही थोरली बहीण, आमची आक्का. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "सरका बाई, पीठ नासायलंय." पडद्यावर आले ते आक्काचे हात. एक भाकरी थापून तव्यावर पडेपर्यंतच, पण साडू थिएटरात दरवेळी तिथं उठून जाहीर करायचे, "आमच्या मंडळीचे हात हायेत!" मागून कुणीतरी ओरडायचं, "चचा, देख लिये हाथ, अब बैठो ना!" आणि शेजारी बसलेली आक्का लाजून तेच हात पदराखाली घ्यायची.

फोटोंतही तिनं हात पदराखालीच ठेवले. ती गेल्यावर साडूंनी तो सिनेमा खूप शोधला, पण कुठंच मिळाला नाही. मग त्याचाच दुसरा भाग येतोय असं कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा साडूंनी दुसऱ्या भागाची वाट पाहिली. इस्त्रीचा सदरा घालून ते मला न्यायला आले. "पाव्हणं, सुरवातीला जुनं जरा दावत्यातच. तेवढं बघायचं आन उठायचं."

जुनं दाखवलं, पण नव्यानं चित्रित करून. तीच चूल, तीच काटवट, नवी नायिका. साडू सवयीनं उठून उभे राहिले, आणि त्या बाईनं चक्क लाटणं घेतलं.

"भाकर लाटायलेत व्हय!" साडू कडाडले. "पहिल्या टायमाला चालंल का नाय ठाव नव्हतं, तर जीव लावून केलं. आता लोक येत्यात म्हणून कायबी दावतेत!"

मीही उठलो. एवढ्या लवाजम्यात एकालाही भाकरी कशी करतात हे विचारावंसं वाटू नये? संताप होतो, दुसरं काय!

त्यांना मी घरी आणलं. बायको भाकरी थापत होती. एरवी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडणारे साडू तिच्यासमोर जाऊन बसले.

"दाजी, काय बघताय?" ती अवघडून म्हणाली.

"थाप तू. थापती तर तशीच."

"आक्कानंच शिकवलंय की."

साडू तिच्या हातांकडं बघत राहिले. जेवायला आम्ही तिघंच होतो, पण काटवटीतलं पीठ संपल्यावर माझ्या बायकोनं पुन्हा पीठ मळायला घेतलं.