करंगळीखालच्या चाव्या

तीन सॅक्सोफोन माझ्या टेबलावर होते, आणि पेट्या उघडल्याबरोबर अण्णांनी त्यातला एक पसंत करून टाकला होता. सोनेरी, नळीभर नक्षी कोरलेला.

"हाच घ्यायचा, मिस्त्री. वरातीत लांबून चमकला पाह्यजे."

मी जालन्यात फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करतो. बँडवाले मला मिस्त्री म्हणतात. अण्णांचा बँड वाटूरचा. त्यांच्या जुन्या सॅक्सोफोनला मी कथलाचे इतके डाग दिले होते, की मूळ पितळ किती उरलं याची मलाच शंका होती. लग्नसराईच्या आधी प्रोफेशनल दर्जाचा नवा घ्यायचं त्यांनी ठरवलं. ओळखीच्या डीलरने ट्रायलसाठी तीन नग पाठवले. निवड मी करून द्यायची होती.

"चमक मागून बघू," मी म्हणालो. "आधी वाजू द्या."

वाजवणार युसूफभाई. अण्णांच्या बँडमधला सगळ्यात जुना माणूस, बोलणं कमी.

आधी मी गळती तपासली. सॅक्सोफोनच्या नळीला भोकं असतात आणि त्यांवर चामड्याचे गोल पॅड बसतात. पॅड नीट बसला नाही तर हवा निसटते आणि वाजवणाऱ्याची छाती भरून येते. दुकानाचं शटर ओढून नळीत बारीक दिवा सोडला, की गळतीच्या जागी उजेड दिसतो. सोनेरी सॅक्सोफोनमध्ये दोन ठिकाणी दिसला.

"नवा असून?" अण्णा म्हणाले.

"नव्यातही असतं. ते मी बसवून देईन. त्यावरून त्याला बाद नाही करायचं."

मग युसूफभाईंनी स्वतःचा माउथपीस लावला. तिन्ही वाद्यं एकाच माउथपीसने आणि त्यावरच्या एकाच रीडने, म्हणजे वेताच्या पातीने, वाजवली, तरच फरक वाद्याचा कळतो. तिन्हींवर त्यांनी वरातीची गाणी वाजवली आणि छान वाजवली. अण्णा ठेका धरून बसले.

मला मात्र एक गोष्ट खटकली. खालचे सूर एकाही गाण्यात येत नव्हते.

"युसूफभाई, एकदा अगदी तळाचा सूर काढा."

त्यांनी रीड पुसली. पुन्हा वरचंच काहीतरी वाजवलं.

"खालचा."

सूर फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. त्यांनी सोनेरी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला.

"न्हाई होत, मिस्त्री."

तळाचे सूर डाव्या हाताच्या करंगळीने काढायचे असतात. तिच्याखाली तीन-चार चाव्यांचा गुच्छ असतो. युसूफभाईंची करंगळी मागच्या पावसाळ्यात जनरेटर उतरवताना त्याच्याखाली सापडली होती. हाड जुळलं, पण बोट पुरतं वाकत नव्हतं, जोर तर अजिबात नव्हता. जुन्या सॅक्सोफोनच्या स्प्रिंगा झिजून ढिल्या झाल्या होत्या, म्हणून त्यावर भागत होतं. नव्याच्या स्प्रिंगा कडक.

"मला का न्हाई सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"काय सांगणार, अण्णा? तुम्ही म्हणाल, मंग झांजा धर. घरी पोरीसमोर झांजा घेऊन कसं जायचं?"

मला वाटलं, आता अण्णा दुसरा वाजवणारा शोधू म्हणतील. धंद्याच्या हिशेबाने त्यात चूक काहीच नव्हती. पण ते उठले, युसूफभाईंची करंगळी चिमटीत धरून हळूच वाकवून बघितली, आणि माझ्याकडे वळले.

"मिस्त्री, या तिघातला कोणता हिला चालतो, ते बघा. चमकबिमक राहू द्या."

काम बदललं आणि सोपंही झालं. सोनेरीचा गुच्छ लांब होता, बोट पोचेना. दुसऱ्याचा जवळ होता, पण आवाज दबका. तिसरा साधा, पिवळट लाखेचा. त्याच्या चाव्या आतल्या बाजूला कललेल्या होत्या. त्याच्या स्प्रिंगा मी थोड्या नरम केल्या. फार नरम केल्या तर पॅड फडफडतो, म्हणून जरा वाकवायची, वाजवून बघायचं, पुन्हा जरा वाकवायची. मग करंगळीखालच्या चावीवर कॉर्कचा पातळ तुकडा चिकटवला. चावी उंच झाली, बोटाला कमी वाकावं लागलं.

"आता दाबा."

सूर आला. आधी थरथरत, मग भरून.

राहिला रस्त्यावरचा आवाज. बंद दुकानात सगळंच गोड वाजतं. मी युसूफभाईंना दारात उभं केलं आणि अण्णांना गल्लीच्या टोकाला, चहाच्या टपरीपाशी पाठवलं. साफ ऐकू आलं तर हात वर करा म्हणालो. युसूफभाईंनी तळापासून वरपर्यंत सगळे सूर चढवले. मोटरसायकली जात होत्या. अण्णांनी हात वर केला. शेजारी चहावाल्यानेही केला, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तोच घेतला. पेटी बंद होताना अण्णांनी सोनेरीकडे एकदा बघितलं. "फोटोत बरा दिसला असता," एवढंच म्हणाले.

सराईतली पहिली वरात परतूरला होती. दुसऱ्या दिवशी युसूफभाईंचा फोन आला. "बराबर चालला, मिस्त्री. नवरदेवाच्या मामाने तेच गाणं परत वाजवायला लावलं."

हल्ली कुणी सॅक्सोफोन निवडून मागायला आला, की मी वाजवणाऱ्याला दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगतो आणि बोटं नीट बघतो. काही जण लगेच तळवे वर करतात आणि विचारतात, परदेशाचा योग आहे का.