गयाबाईची जीभ

गयाबाई डोळ्यातलं कुसळ जिभेनं काढायची. ज्यांनी बघितलं नाही त्यांना किळस वाटेल, पण आमच्या पाथर्डीकडच्या गावात मळणीच्या वेळी कुणी डोळा चोळायला लागलं की पहिली हाक तिलाच. ती मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, बोटानं पापणी उलटी करायची, अन् जीभ फिरली कधी ते कळायचंसुद्धा नाही. मग थुंकून म्हणायची, "कुसळ निगालं. मुसळ ज्याचं त्यानं बघावं." सरपंच असो की शेंबडं पोर, तिचं बोलणं तेच.

ती बौद्ध वस्तीतली, वयानं माझ्याच बरोबरीची. आमच्याकडं खुरपायला यायची. माझ्या डोळ्यांना तिची जीभ किती वेळा लागली असेल, गणती नाही.

गेल्या साली बाजरीची मळणी चालू असताना माझ्या उजव्या डोळ्यात भुसकट गेलं. चोळून चोळून अंगावर काढलं, मग तिच्या दारात गेलो. तिनं पापणी उचलली, माझं तोंड उन्हाकडं केलं, अन् हात मागं घेतला.

"ह्ये जिभंचं काम न्हाई, आण्णा. बुबुळाव पांढरं दिसतंय. नगरला जावा."

"तू काढ की."

"डोळ्याच्या शिबिरात डाक्टरांनी सांगितलंय, तोंडातली घाण जखमंत जाती. मी आता कुनाचंच काढत न्हाई."

शेजारच्या बायका बघत होत्या. मला राग आला. म्हणालो, "लई शानी झालीस. तुमच्या लोकांनी आता आम्हाला शिकवायचं व्हय?"

गयाबाई म्हणाली, "मला काय बी म्हना. डोळा जाईल."

मी हट्टानं घरी जाऊन डोळ्यात मध घातला. कुणी सांगितलं नव्हतं, आमचे वडील घालायचे. डोळा सुजला, पू यायला लागला, उजेड सोसेना. तरी मी हलेना. शेवटी गयाबाईच जीप घेऊन दारात आली अन् माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, ह्यांला तुमी बशिवता का मी उचलू?"

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बुबुळाला जखम होऊन तीत बुरशी धरली होती. औषधाचे थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा. मग त्या कडाडल्या, "मध कुणी घातला?"

मी तोंड उघडायच्या आत गयाबाई म्हणाली, "म्या घातला, बाई."

तिला नको नको ते ऐकावं लागलं. अडाणी काय, आंधळं केलं असतंस काय. ती पदर धरून उभी. मी बाकड्यावर बसून ऐकत होतो.

येताना जीपमध्ये मी विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"तुमाला बोलल्या असत्या तर तुमी उठून आला असता. मग डोळ्यात थेंब कुनी घातलं असतं?"

खरं होतं. मी उठून आलो असतो.

डोळा वाचला. बुबुळावर फूल राहिलं, त्या डोळ्यानं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं.

उन्हाळ्यात गयाबाई गेली. एका दिवसाच्या तापाचं निमित्त झालं. मातीला मी गेलो, पण मागंच उभा राहिलो.

परवा तपासणीला नगरला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारत हसत विचारलं, "काय आजोबा, ती मध घालणारी आजी काय म्हणते?"

मी म्हणालो, "बरी आहे."